कोऱ्या बाटलीतला धातू

१

शून्य असायला हवं होतं तिथे शून्य नव्हतं.

बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला, कर्करोगाच्या इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत, मशीन चालवणारी पडद्यावर वाकली. तिनं आधी मशीनला दोष दिला, मग चष्मा पुसला, मग पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदाही तेच आलं तेव्हा तिनं मावशीला फोन लावला.

"मावशी, कोऱ्या बाटल्यांमध्ये प्लॅटिनम निघालंय."

पलीकडे मावशी उशीच्या अभ्र्याला टाके घालत होती. तिनं सुई अभ्र्यात खोचली.

"किती बाटल्यांमध्ये?"

"चाळीसपैकी एकतीस."

"म्हणजे पहिल्या नऊ स्वच्छ."

"तुला कसं कळलं पहिल्या नऊ ते?"

"अगं, पहिलीपासून असतं तर तू मशीन बिघडलं म्हणाली असतीस, मला फोन केला नसतास. कुणावर आळ आलाय?"

भाचीनं दाराकडे बघून आवाज उतरवला.

"बाटल्या धुणाऱ्या आक्कांवर," ती हळूच म्हणाली. "साहेब शनिवारी दुपारी त्यांच्या हातात चिठ्ठी देणार आहेत. कामावरून कमी केल्याची."

मावशीनं अभ्रा बाजूला ठेवला.

२

मावशीला त्या प्रयोगशाळेत सगळे काटेबाई म्हणत. आडनाव वेगळंच होतं. पण पस्तीस वर्षं तिनं तिथल्या नाजूक तराजूचा काटा सांभाळला होता आणि स्वभावही तसाच होता, म्हणून ते नाव चिकटलं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी जिन्याची कुठली पायरी हलते हे तिच्या पायांना पाठ होतं.

तिच्या काळी रुग्णांच्या रक्तातलं औषध मोजायचं म्हणजे दिवसभराचं काम. आटवा, गाळा, तापवा, आणि एवढं करून जे हाती येई त्याला 'अंदाजे' हा शब्द जोडा. आता त्या तराजूच्या जागी फ्रिजएवढं मशीन उभं होतं. भाचीनं तिला एकदा समजावलं होतं. नमुन्याचा तुषार करायचा, तो अशा ज्योतीत सोडायचा की जी सूर्याच्या पृष्ठभागाहून तापलेली असते. तिथे सगळ्याचे सुटे सुटे अणू होतात, आणि मशीन त्यांना वजनावरून ओळखून एकेक मोजतं. पोहण्याच्या तलावात मिठाचा एक कण टाकला तर तोही या मशीनला सापडेल म्हणे.

कर्करोगाच्या काही औषधांचा प्राण म्हणजे प्लॅटिनम. अंगठीतला तोच धातू, पण शिरेतून दिलेला. कमी पडला तर रोग वाचतो, जास्त झाला तर मूत्रपिंडं जातात. म्हणून या प्रयोगशाळेत रुग्णांचं रक्त आणि लघवी तपासून तो मोजत. सध्या मूत्रपिंडं कमजोर असलेल्या तीनशे रुग्णांचे नमुने चालू होते. त्यांचे डोस या आकड्यांवर ठरायचे होते. आणि पट्टीचं शून्य कुठे आहे हे ठरवायला रोज एक निरोगी माणसाच्या लघवीची बाटली लागे. तिच्यावर नुसतं 'कोरी' असं लिहीत आणि ती गोठवून ठेवत. सगळ्या कोऱ्या बाटल्या शेवटी एकदम मोजायच्या असा शिरस्ता होता. शून्यच खोटं निघालं तर तीनशे रुग्णांचे आकडे वाऱ्यावर.

साहेबांची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. साहेब म्हणजे विभागप्रमुख, वय बावन्न, शिस्तीचे पक्के. ते पहिल्यांदा कामाला आले तेव्हा काटेबाईच्या हाताखाली होते. डोक्यावर दाट कुरळे केस. सगळे 'कुरळ्या' म्हणत. दोन वर्षांत केस सरळ झाले, मग पुढे टक्कल पडलं, आणि कुरळ्याचे साहेब झाले.

"बाई, तुम्हाला त्रास दिला तिनं," साहेब म्हणाले. "पण यात शोधण्यासारखं काही नाही. दहाव्या बाटलीपासून घाण सुरू होते. आक्कांनी बाटल्या भिजवायची आम्लाची टाकी बदलली तीही त्याच दिवशी. रुग्णांच्या बाटल्या आणि कोऱ्या बाटल्या एकाच टाकीत गेल्या असणार. दुसरं काय?"

"तिनं बावीस वर्षांत असं केलेलं नाही."

"माणसाचं वय होतं, बाई."

"माझ्याकडे बघून बोलू नका तसं."

ते हसले. बोलता बोलता त्यांनी टेबलावर पडलेली टाचणी नखानं ओढत कडेपर्यंत नेली, कडेवरून ती तळहातात पाडून घेतली आणि कागदाला लावली. तेवढ्यात शेजारच्या खोलीत मशीननं काम संपल्याची शिटी दिली, शिटी कसली, कानात सुई घालावी असा आवाज. काटेबाईनं कपाळाला आठ्या घातल्या. साहेब मात्र एक शब्द न अडखळता बोलत राहिले. आणि लगेच, बंद दारापलीकडे कुणीतरी घोगऱ्या आवाजात पुटपुटलं तेव्हा तेच साहेब थांबून म्हणाले, "आत या आक्का. बाहेर उभ्या राहून रडू नका."

आक्का आत आल्या. साठीला टेकलेल्या, हात आम्लानं आणि पाण्यानं पांढरे पडलेले. त्या रडत नव्हत्या. रागानं लाल झाल्या होत्या.

"बाई, मला चिठ्ठी दिली तरी चालेल. पोरगा म्हणतोच घरी बस. पण घाण माझ्या हातची नव्हती, एवढं मला कुणीतरी सिद्ध करून द्या. नाहीतर मी मरेपर्यंत घरातली भांडीसुद्धा चारदा घासत बसेन."

"शनिवारी दुपारपर्यंत मला वेळ द्या," काटेबाई साहेबांना म्हणाली.

"द्या म्हणजे काय, घ्या. पण बाई, टाकी दहाव्या दिवशीच बदलली होती हे विसरू नका."

आणि खरंच, ते विसरता येण्यासारखं नव्हतंच.

३

"आधी हे सांग," काटेबाईनं भाचीजवळ स्टूल ओढून घेतलं, "ते प्लॅटिनमच आहे कशावरून? सोंग घेतलेलं दुसरंच काही नसेल?"

"मलाही तीच शंका आली होती." भाचीनं पडद्यावर तीन उंचवटे दाखवले. "प्लॅटिनमचे अणू सगळे एका वजनाचे नसतात. थोडे हलके, थोडे जड, आणि त्यांचं आपापसातलं प्रमाण ठरलेलं असतं. दुसरा एखादा धातू ऑक्सिजनला चिकटून त्या वजनाचं सोंग आणतो कधीकधी, पण हे प्रमाण त्याला जमत नाही. इथे तिन्ही उंचवटे मापात आहेत. प्लॅटिनमच आहे, मावशी."

"बरं. आता आक्काच्या टाकीतल्या वीस बाटल्या घे. शुद्ध पाणी भर. उद्या सकाळी ते पाणी मोज."

गुरुवारी सकाळी वीसच्या वीस बाटल्यांतलं पाणी स्वच्छ निघालं. आक्कांनी पदर खोचला.

"बघा! म्हटलं नव्हतं?"

साहेब दारात उभे होते. "या वीस धुतल्यात जपून," ते शांतपणे म्हणाले. "आळ आल्यावर कुणीही जपून धुतं. त्या एकतीस दिवसांचं काय?"

आक्कांचा चेहरा उतरला, आणि काटेबाईला मनातून कबूल करावं लागलं की साहेबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

४

"ही कोरी बाटली भरतं कोण?" तिनं भाचीला विचारलं.

भाची लाजली. "म्हणजे... इथे तसं कुणी बोलत नाही त्यावर. तुझ्या वेळी?"

"आमच्या वेळेपासून म्हातारा शिपाई भरायचा. सगळ्यांत आधी तोच यायचा. जो आधी येईल त्यानं भरायची आणि मोरीजवळच्या खिडकीत ठेवायची, नाव लिहायचं नाही, असा नेम होता."

"तो निवृत्त झाला ना. नवव्या बाटलीच्या दिवशीच."

काटेबाईनं तिच्याकडे डोळे वटारून बघितलं. "आणि हे तू मला आज सांगतेस?"

"अगं, त्याचा काय संबंध? नेम तोच आहे. आता आक्का भरतात."

काटेबाई तडक धुण्याच्या खोलीत गेली. आक्कांनी कानाला हात लावला.

"मी? अहो बाई, काहीतरीच काय! मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. गोळ्या घेणाऱ्यानं भरायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत. मी येते तेव्हा बाटली खिडकीत भरलेली असते. तुमची भाची भरते."

"भाची म्हणते तू भरतेस."

सकाळी लवकर येणारं आणखी कोण, ते दोघी बोटांवर मोजू लागल्या.

उरला कंपाउंडर. तो खालच्या मजल्यावर काचेच्या बंद कपाटात हात घालून रुग्णांची औषधं तयार करी आणि सकाळी लवकर वर एक फेरी मारी. माणूस गोष्टीवेल्हाळ, आणि गेल्याच महिन्यात दाढेवर धातूची टोपी बसवून घेतलेला. हसला की ती चमके. चमकावी म्हणूनच तो हसतो असं आक्कांचं मत.

"दाढ बघू," काटेबाई म्हणाली.

"बाई, या वयात तुम्ही पुरुषांच्या दाढा बघत हिंडता?"

"आ कर. दातांच्या सोन्यात प्लॅटिनम मिसळतात, ठाऊक आहे ना? शिवाय तू दिवसभर त्याच औषधात हात घालतोस."

कंपाउंडरचं हसू मावळलं. पण माणूस दिलाचा मोठा. "बाटली द्या इकडे," तो म्हणाला. "आत्ता भरतो. सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे."

मशीननं त्याची बाटली मोजली. तीत प्लॅटिनम होतं.

आक्कांनी "सापडला!" म्हणून टाळी वाजवली. भाचीनं मात्र आकडा दोनदा वाचला आणि मान हलवली.

"आहे, पण कोऱ्या बाटल्यांत निघालं त्याच्या चाळिसावा हिस्सासुद्धा नाही."

"आणि मी कोरी बाटली कधी भरलेलीच नाही हो," कंपाउंडर म्हणाला. "मधले दहा दिवस तर मी मेव्हण्याच्या गावी होतो. त्या दिवसांत?"

भाचीनं यादी काढली. त्या दहाही दिवसांच्या बाटल्यांत प्लॅटिनम होतं.

दाढेवरच्या टोपीतून सुटलेला धातूसुद्धा या मशीनला दिसतो, याचं काटेबाईला क्षणभर इतकं नवल वाटलं की ती मूळ प्रश्नच विसरली. मग तो परत आला. एकतीस दिवस कुणीतरी सगळ्यांच्या आधी या प्रयोगशाळेत येत होतं, बाटली भरून खिडकीत ठेवत होतं, आणि ते कोण हे इथल्या एकाही माणसाला माहीत नव्हतं.

५

शुक्रवारी काटेबाई आली ती पिशवीत डबा आणि डोक्यात एक हिशेब घेऊन. तिला रात्रभर नीट झोप आली होती. तिला अडचणी नेहमी आंघोळ करताना सुटत.

"कोऱ्या बाटल्यांमध्ये प्लॅटिनम सारखंच आहे का रोज?"

"नाही. कमी-जास्त आहे. म्हणूनच साहेब म्हणतात घाण. घाण अशीच असते, एखाद्या बाटलीत जास्त, एखादीत कमी."

"मग आता त्याच बाटल्यांतलं क्रिएटिनिन काढ."

"त्यानं काय होईल?"

"तू काढ गं. वाद घालायला तुझी आई काय कमी होती?"

क्रिएटिनिन हा शरीराचा रोजचाच कचरा. स्नायू तो बनवतात, मूत्रपिंडं गाळून टाकतात, रोज साधारण तेवढाच. माणूस पाणी कमी प्यायला की लघवी घट्ट होते आणि क्रिएटिनिनचा आकडा चढतो, पाणी भरपूर प्यायला की उतरतो. दुपारी दोन वाजता भाचीनं दोन्ही आकड्यांचे आलेख एकाखाली एक लावले आणि तिचा हात तोंडावर गेला.

जिथे क्रिएटिनिन चढलं होतं तिथे प्लॅटिनम चढलं होतं. जिथे ते उतरलं, तिथे हेही उतरलं. एकतीस दिवस, पाऊल चुकलं नव्हतं. एकाला दुसऱ्यानं भागलं की दर वेळी जवळजवळ तोच आकडा.

"साहेबांना बोलाव," काटेबाई म्हणाली. मग एकदम, "नको. थांब जरा. आधी मला सांग, हे तुला काय सांगतंय?"

भाची हळूहळू बोलू लागली, जणू स्वतःलाच. "घाण बाटलीत असती तर आत पडणारी लघवी घट्ट आहे की पातळ, हे तिला कळायला काही मार्ग नव्हता. बाटली घाण असेल तर ती असेल तेवढीच घाण. म्हणजे हे प्लॅटिनम बाटलीत मिसळलेलं नाही. ते लघवीबरोबरच आलंय. मूत्रपिंडातून गाळून." तिनं मावशीकडे बघितलं. "ते माणसाच्या शरीरातून आलंय."

"आणि रोज एकाच माणसाच्या."

दारात आक्का उभ्या होत्या. किती वेळ, कुणास ठाऊक. त्यांना आलेख कळला नव्हता, पण शेवटचं वाक्य कळलं होतं. त्या तिथेच उंबऱ्यावर खाली बसल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडल्या.

"रडू नकोस," काटेबाई म्हणाली. "अर्धंच झालंय अजून. मला एक सांग, सकाळी कुलूप कोण उघडतं?"

"किल्ल्या तीन आहेत. एक माझ्याकडे, एक हिच्याकडे. पण शिपाई निवृत्त झाला तरी मी येते तेव्हा कुलूप उघडलेलंच असतं. मला वाटायचं ही आली असेल."

"मला वाटायचं आक्का आल्या," भाची म्हणाली.

तिसरी किल्ली कुणाकडे, हे कुणीच बोललं नाही.

काटेबाई व्हरांड्यात आली. भिंतीवर प्रयोगशाळेतल्या माणसांचे जुने फोटो लावलेले होते. एका फोटोपुढे ती थांबली. मागच्या रांगेत कुरळ्या केसांचा एक हडकुळा तरुण. पुढच्या वर्षीच्या फोटोत त्याच डोक्यावर लाटा उरल्या होत्या, त्याच्या पुढच्या फोटोत केस सुतासारखे सरळ. ती तिथे उभी राहिली आणि एकेक गोष्ट तिच्या मनात आपोआप जागेवर येऊन बसली. मग तिचे पाय व्हरांड्याच्या टोकाकडे वळले.

६

तिनं आत जाऊन दार लावलं. साहेब कागदांत होते.

"किती वर्षं झाली?" तिनं विचारलं.

"कशाला?"

"औषध घेतल्याला. शिरेतून."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. नाकारलं मात्र नाही.

"कसं कळलं?"

"मशीनची शिटी तुम्हाला ऐकू येत नाही. बंद दारापलीकडचं घोगरं पुटपुटणं येतं, म्हणजे कान शाबूत आहेत, फक्त वरचे बारीक सूर गेलेत. टाचणी बोटांनी उचलता येत नाही, ओढून कडेवर आणावी लागते. बोटांची टोकं बधिर. मी या इस्पितळात पस्तीस वर्षं काढली. ते औषध घेतलेली माणसं हीच तक्रार घेऊन यायची, कान आणि बोटं. आणि केस. सगळे गेले की नव्यानं येतात ते बऱ्याचदा कुरळे, मग वर्ष-दोन वर्षांत मूळपदावर. आम्ही मेले तुला कुरळ्या कुरळ्या म्हणून चिडवत होतो."

बारा वर्षांपूर्वी सोडलेला एकेरी शब्द तिच्या तोंडून निसटला. दोघांनाही ते कळलं.

"सत्तावीस वर्षं," साहेब म्हणाले. "मी पंचवीसचा होतो. डॉक्टर म्हणाले, चार फेऱ्या औषध, मग बघू. त्या वॉर्डात आम्ही सहा जण होतो, बाई. पाच जण घरी गेले. दहा वर्षं आधी आजारी पडलो असतो तर एखादाच गेला असता."

"इथे कुणाला बोलला नाहीत."

"पहिल्या नोकरीच्या फॉर्मवर खरं लिहिलं. नोकरी मिळाली नाही. ठरलेलं लग्न मोडलं. मग इथल्या फॉर्मवर 'मोठा आजार नाही' असं लिहिलं. खोटं लिहिलं. त्यानंतर ते पान मी असं मिटलं की माझं मलाच उघडायला नको. बायको मुलीकडे गेल्यापासून सकाळी घर खायला उठतं, म्हणून लवकर येतो. आधी येईल त्यानं भरायची, तर भरली." त्यांनी हात चोळले. "कोऱ्या बाटल्यांचे आकडे बघितले तेव्हा क्षणभर, एक क्षणभर, मनात आलं होतं. पण आपण शिकलो तेव्हा पुस्तकं काय म्हणायची? काही आठवड्यांत औषध शरीरातून जातं. सत्तावीस वर्षं, बाई! हे शक्य नाही."

"मलाही वाटतं शक्य नाही," काटेबाई म्हणाली. "म्हणून तर मोजायचं."

त्यांनी मुकाट्यानं कपाटातून एक बाटली घेतली.

भाचीला नमुना कुणाचा हे सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. तुषार ज्योतीत शिरला, पडद्यावर रेघ काही क्षण सपाट धावली आणि मग तीन उंचवटे उभे राहिले, आपापल्या मापात. क्रिएटिनिननं भागल्यावर जो आकडा आला तो त्या एकतीस बाटल्यांच्या आकड्यात नेमका जाऊन बसला.

साहेब खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते.

"जुन्या मशीनला हे कधीच दिसलं नसतं," भाची म्हणाली. "आलेख निघाल्यावर मी वाचत बसले होते. इतर ठिकाणीही सापडलंय असं, वीस-वीस वर्षांनी. शरीर तो धातू कुठेतरी खोल धरून ठेवतं आणि रोज अगदी कणकण सोडतं. मला खोटं वाटलं होतं वाचताना."

काटेबाई पडद्याजवळ सरकली. त्या पाच माणसांना ज्यानं घरी पाठवलं, त्याच औषधाचे हे अणू. या देहानं त्यानंतर संसार केला, मुलगी वाढवली, केस गमावले, हजारो वेळा जिने चढले-उतरले, आणि ते आत होतेच. जिवाच्या खोल तळाशी, हाडांत की काळजात, कुणी सांगावं.

व्हरांड्यात आल्यावर ती साहेबांना म्हणाली, "मी कुणाला नाव सांगणार नाही. प्लॅटिनम माणसाच्या शरीरातलं होतं, एवढंच लिहीन. चिठ्ठी तुम्ही फाडू शकता. आक्का कामावर राहील."

"पण?"

"पण माणूस कोण ते कळलं नाही, तर लोक म्हणतील, बाईंनी जुन्या मैत्रिणीसाठी काहीतरी जुळवलं. तिला काम नको होतं साहेब, तिला हात स्वच्छ हवे होते. आणि तुमच्या फॉर्मचंही मला कळतं. माझ्या हातात काही नाही."

साहेब आपल्या बोटांच्या टोकांकडे बघत राहिले.

७

शनिवारी बारा वाजता मशीनच्या खोलीत सगळे जमले. आक्का ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या. "काढणारच असतील तर निदान नीटनेटकी बाहेर पडेन," असं त्या कंपाउंडरला म्हणाल्या. तो पहिल्यांदाच हसत नव्हता.

साहेबांनी खिशातून चिठ्ठी काढली. दोन्ही तळहातांत धरून मधोमध फाडली.

"एकतीस बाटल्यांमधलं प्लॅटिनम माझं आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं, वॉर्ड, सहा खाटा, चार फेऱ्या. फॉर्मवर खोटं लिहिल्याचंही. ते व्यवस्थापनाला आपण लेखी कळवलंय, पुढे ते काय ठरवतील ते ठरवतील, असं म्हणाले. तीनशे रुग्णांच्या आकड्यांसाठी पहिल्या नऊ बाटल्यांचं शून्य धरायचं, ते खरं आहे आणि पुरेसं आहे. मग ते आक्कांकडे वळले.

"मला एकदा वाटलं होतं, आणि तरी मी तुमच्याकडे बोट दाखवलं. सोपं होतं ते. चुकलं माझं."

आक्कांनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"म्हणजे बाटली धुवून उपयोग नव्हता," त्या म्हणाल्या. "तुम्हालाच टाकीत बुडवायला हवं होतं."

कंपाउंडरची टोपी चमकली. भाचीनं हसू दाबायला तोंड फिरवलं. साहेब आधी गोंधळले आणि मग हसता हसता त्यांना डोळे पुसावे लागले.

"मला दाखवा तरी," आक्का म्हणाल्या.

बावीस वर्षांत त्या या खुर्चीवर कधी बसल्या नव्हत्या. भाचीनं त्यांना बसवलं, कालचा नमुना पुन्हा लावला. रेघ सपाट गेली, आणि मग ते तीन उंचवटे उगवले.

"हे ते?"

"हो."

"सत्तावीस वर्षांपूर्वी कुणीतरी यांच्या शिरेत घातलं ते?"

"तेच."

आक्का पडद्याजवळ वाकल्या. त्यांचा भिजून भिजून सुरकुतलेला हात काचेपाशी गेला आणि न टेकता तसाच थांबला.

"कुणी घातलं असेल हो?" त्यांनी विचारलं. "ती सलाईन लावणारी बाई कोण होती? तिला कळलं असेल का कधी, की तुम्ही अजून आहात?"

साहेबांनी मान हलवली. नाव त्यांना आठवत नव्हतं. एवढंच आठवत होतं की तिचे हात गार असायचे आणि सुई टोचण्याआधी ती ते एकमेकांवर चोळून गरम करायची.

पडद्यावर उंचवटे वाढत होते. मशीन एकेक अणू मोजत होतं, आणि मोजायचे अजून पुष्कळ उरले होते.